मोफत आणि मुक्त : ‘गिंप’विषयक मार्गदर्शनपर लेखनाची चिकित्सा

गोषवारा : प्रतिमा-संपादनाच्या मुक्त आज्ञावलींमध्ये ‘गिंप’चे स्थान महत्त्वाचे आहे. तिच्या साहाय्याने प्रतिमेवर निरनिराळे परिणाम कसे साधावेत, हे सांगणारे विपुल लेखन गेल्या तीन दशकांत निर्माण झाले. प्रस्तुत शोधनिबंधात या लेखनाकडे एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून पाहिले आहे. कृती सांगणारे लेखन आणि कारण सांगणारे लेखन असे त्याचे दोन प्रवाह मानून, आज्ञावलीची आवृत्ती व प्रतिमेचा आकार बदलला असता त्यांपैकी कोणते टिकते याची तपासणी केली आहे. शेवटी मराठीतील मार्गदर्शनाच्या भाषेचा विचार करून काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजशब्द : मुक्त आज्ञावली, गिंप, प्रतिमा-संपादन, मार्गदर्शनपर लेखन, थर, मुखवटा, मराठी परिभाषा.

१. प्रस्तावना

समीक्षेचा विषय म्हणून कथा, कविता, नाटक यांचा विचार करण्याची आपल्याला सवय आहे. व्यवहारोपयोगी लेखन मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेर राहते. एखादे यंत्र कसे चालवावे, एखादे काम कसे करावे हे सांगणाऱ्या लेखनालाही भाषा असते, रचना असते आणि वाचकाविषयीची एक भूमिका असते. वाचक विचार करू शकतो, असे गृहीत धरून लिहिलेले मार्गदर्शन आणि वाचकाने केवळ आज्ञा पाळावी, असे गृहीत धरून लिहिलेले मार्गदर्शन यांत मोठे अंतर आहे. हे अंतर स्पष्ट करण्यासाठी ‘गिंप’विषयक लेखन हे उत्तम उदाहरण ठरते.

या विषयाकडे वळण्यास एक साधे निमित्त घडले. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकाचे शीर्षक ‘गिंप’मध्ये तयार केले. अक्षरांना छाया देण्याची कृती त्यांनी कोठूनतरी मिळवली होती : छाया ८ बिंदू उजवीकडे आणि ८ बिंदू खाली सरकवावी. संगणकाच्या पडद्यावर लहान आकारात केलेला नमुना देखणा दिसला. तेच शीर्षक ए-थ्री आकाराच्या छपाईसाठी पुन्हा केले, तेव्हा छाया जवळजवळ नाहीशी झाली. विद्यार्थ्यांनी कृती पुनःपुन्हा तपासली. कृतीत चूक नव्हती. चूक कोठे आहे हे शोधण्याचे साधन मात्र त्या कृतीने त्यांना दिलेले नव्हते. प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न येथूनच उद्भवतो.

२. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’

‘गिंप’चा आरंभ १९९५ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी केला. १९९६ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली. पुढे तिच्या नावातील ‘जनरल’ हा शब्द जाऊन त्या जागी ‘ग्नू’ हा शब्द आला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या मुक्त आज्ञावलीच्या प्रकल्पाशी तिचे नाते जोडले गेले. या परंपरेत वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये अभिप्रेत आहेत : आज्ञावली कोणत्याही हेतूने चालवण्याचे, ती कशी चालते याचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रती इतरांना देण्याचे.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. त्यामुळे त्या भाषेत हा भेद वारंवार समजावून सांगावा लागतो. मराठीला ही अडचण नाही. ‘मोफत’ हा शब्द किमतीविषयी बोलतो, तर ‘मुक्त’ हा शब्द अधिकाराविषयी. असे असूनही आपल्याकडे ‘गिंप’ची ओळख बहुधा ‘महागड्या आज्ञावलीला मोफत पर्याय’ अशीच करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही, परंतु अपुरी आहे. दुसरे स्वातंत्र्य हे अभ्यासाचे स्वातंत्र्य आहे. ‘गिंप’साठी तयार केलेला ‘जीटीके’ हा साधनसंच इतरांना अभ्यासता आला, म्हणूनच तो पुढे १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्नोम’ या संपूर्ण कार्यपटलाचा पाया होऊ शकला.

सर्वसामान्य वापरकर्ता आज्ञावलीची मूळ संहिता वाचणार नाही, हे उघड आहे. त्याच्यापुरते अभ्यासाचे स्वातंत्र्य म्हणजे आपण देत असलेल्या आज्ञेने प्रतिमेचे नेमके काय होते, हे समजण्याचे स्वातंत्र्य होय. ते त्याच्यापर्यंत मार्गदर्शनपर लेखनाद्वारेच पोहोचू शकते. म्हणून जे मार्गदर्शन कारण सांगत नाही, ते मुक्त आज्ञावलीला केवळ मोफत आज्ञावली करून ठेवते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

३. कृतीची मर्यादा : छायेचे उदाहरण

वर उल्लेखिलेले छायेचे उदाहरण अधिक तपशिलाने पाहू. ६४० बिंदू रुंदीच्या प्रतिमेत ८ बिंदूंचे अंतर म्हणजे रुंदीच्या सव्वा टक्का. ए-थ्री कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो. दर इंचास ३०० बिंदू या प्रमाणाने त्याची रुंदी ३,५०८ बिंदू होते. तेथे तेच ८ बिंदू पाव टक्क्याहूनही कमी भरतात. छापील कागदावर हे अंतर सुमारे ०.७ मिलिमीटर, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला न दिसण्याजोगे. मूळचा परिणाम राखायचा असेल तर अंतर सुमारे ४४ बिंदू ठेवावे लागेल आणि छायेच्या कडा मऊ करणारी त्रिज्याही त्याच प्रमाणात वाढवावी लागेल.

कृतीने आकडा दिला, प्रमाण दिले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छाया कशामुळे पडते हे सांगितले नाही. वस्तू कागदापासून जितकी उचललेली भासवायची, तितकी छाया दूर सरकते, तिच्या कडा मऊ होतात आणि ती फिकट होते. प्रकाश ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूस ती पडते. एका चित्रातील सर्व छाया एकाच दिशेला असाव्या लागतात. दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणाऱ्या पेंटरना हे ज्ञान कामातूनच मिळालेले असे. पाटी मोठी झाली की ते अक्षराची छायाही जाड करीत. त्यांना कोणी बिंदूंची संख्या सांगितलेली नव्हती.

एवढे समजल्यावर ‘ड्रॉप शॅडो’ ही तयार सोय नसली तरी वापरकर्ता छाया स्वतः घडवू शकतो. अक्षरांचा थर दुसऱ्यांदा घ्यावा, त्या प्रतीतील अक्षरे काळी करावीत, ती प्रत मूळ थराखाली सरकवावी, ‘गॉशियन ब्लर’ने तिच्या कडा मऊ कराव्यात, प्रकाशाच्या विरुद्ध दिशेला थोडी हलवावी आणि तिची अपारदर्शकता कमी करावी. तयार सोय याहून निराळे काही करीत नाही.

उठावदार अक्षरांच्या परिणामाबाबतही हेच म्हणता येईल. ‘बम्प मॅप’ हे साधन एखाद्या प्रतिमेतील उजळ भाग उंच आणि गडद भाग खोल मानते व त्या काल्पनिक चढउतारांवर विशिष्ट कोनातून प्रकाश टाकते. त्यातील एक कोन प्रकाशाची दिशा ठरवतो, दुसरा त्याची उंची. हे ठाऊक असलेली व्यक्ती उठावाचा प्रकाश आणि छायेची दिशा यांचा मेळ घालील. केवळ आकडे टिपून घेणाऱ्याच्या चित्रात मात्र प्रकाश डावीकडून आणि छायाही डावीकडे, असा विसंवाद सहज शिरतो.

४. आवृत्ती बदलते तेव्हा

कृतीचा दुसरा शत्रू काळ होय. ‘गिंप’च्या इतिहासातून याची तीन उदाहरणे देता येतील.

पहिले उदाहरण २०१२ सालच्या २.८ या आवृत्तीचे. या आवृत्तीपासून ‘सेव्ह’ ही आज्ञा केवळ ‘गिंप’च्या स्वतःच्या ‘एक्ससीएफ’ स्वरूपापुरती राहिली आणि ‘जेपीईजी’ वा ‘पीएनजी’ स्वरूपात प्रतिमा बाहेर काढण्यासाठी ‘एक्स्पोर्ट’ ही आज्ञा वापरणे आवश्यक झाले. त्यापूर्वीच्या असंख्य कृतींची शेवटची ओळ एका रात्रीत निरुपयोगी ठरली. वापरकर्त्यांची नाराजीही ओढवली. या बदलामागील विचार मात्र समजण्याजोगा होता : थर, मुखवटे आणि निवडी सांभाळून ठेवणारी कामाची प्रत वेगळी आणि वाटण्याची सपाट प्रत वेगळी.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २.८ पर्यंतच्या आवृत्त्यांत ‘ओव्हरले’ या नावाची मिश्रणपद्धती प्रत्यक्षात ‘सॉफ्ट लाइट’ या पद्धतीसारखाच परिणाम देत असे. २०१८ च्या २.१० या आवृत्तीत ही विसंगती दूर झाली आणि जुन्या पद्धती जुन्या धारिकांसाठी वेगळ्या गटात ठेवण्यात आल्या. म्हणजे जुनी कृती शब्दशः पाळूनही नव्या आवृत्तीत निराळा परिणाम मिळतो. नाव तेच, बटन तेच, फळ मात्र वेगळे.

तिसरे उदाहरण २०२० च्या आरंभी आलेल्या २.१०.१८ या आवृत्तीचे. तीत साधनपेटीतील साधने गटागटांत विभागली गेली. ‘वरून तिसऱ्या ओळीतील दुसरे चिन्ह दाबा’ अशा स्वरूपाच्या सूचनांना त्यानंतर अर्थ उरला नाही.

आता याच्या विरुद्ध बाजूचे उदाहरण पाहू. ‘मल्टिप्लाय’ या मिश्रणपद्धतीत दोन थरांतील मूल्यांचा गुणाकार करून त्यास २५५ ने भागतात. २०० आणि १०० या मूल्यांपासून सुमारे ७८ हे मूल्य मिळते, म्हणजे परिणाम दोहोंहून गडद होतो. पांढऱ्याचे मूल्य २५५ असल्याने पांढऱ्याने गुणले असता खालचा रंग जसाच्या तसा राहतो. काळ्याचे मूल्य शून्य असल्याने काळा काळाच राहतो. पांढऱ्या कागदावरील हस्ताक्षर रंगीत पार्श्वभूमीवर आणायचे असेल, तर कागद कापून काढण्याचे कष्ट न घेता ही एकच पद्धती पुरते, याचे कारण येथे आहे. २.१० पासून अशा काही पद्धतींचे गणित प्रकाशाच्या रेषीय प्रमाणात होऊ लागल्यामुळे मधल्या छटा निराळ्या येतात. तथापि पांढरा नाहीसा होतो आणि काळा टिकतो, हे तत्त्व अबाधित आहे. कृती कालबाह्य होते, कारण टिकते.

५. मार्गदर्शनाचे तीन नमुने

या दृष्टीने तीन प्रसिद्ध नमुन्यांकडे पाहता येईल.

कॅरी बंक्स यांचे ‘ग्रोकिंग द गिंप’ हे पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले आणि महाजालावर विनामूल्य वाचनासाठीही खुले करण्यात आले. थर, निवडी, मुखवटे, रंगावकाश व मिश्रणपद्धती असा त्याचा क्रम आहे. चित्रजुळणीची आणि परिणामांची प्रकरणे त्यानंतर येतात. आधी व्याकरण आणि मग रचना, अशी ही मांडणी होय. पुस्तकातील पडद्यांची चित्रे आज जुनी झाली आहेत, आज्ञांच्या जागा बदलल्या आहेत. परंतु मुखवटा म्हणजे काय, हे त्यातून शिकलेल्या वाचकाला आजही नव्याने शिकावे लागत नाही. या पुस्तकाचा दोष असा की, नवशिक्याला पहिले समाधान मिळण्यास बराच वेळ लागतो.

मायकेल हॅमेल यांच्या ‘द आर्टिस्ट्स गाइड टू गिंप इफेक्ट्स’ या २००७ च्या पुस्तकाची रचना निराळी आहे. आरंभी मूलभूत तंत्रे सांगून पुढे छायाचित्रे, जाहिरात, अक्षररचना अशा क्षेत्रांतील परिणामांचे पाठ पायरीपायरीने दिले आहेत. वाचकाच्या हाती लवकर काहीतरी लागते, हे त्याचे बलस्थान आहे. परंतु पाठाची घडण आकड्यांवर आणि आज्ञांच्या मार्गावर अवलंबून असल्यामुळे ते आवृत्तीशी बांधले जाते. २०१२ मध्ये २.८ या आवृत्तीसाठी त्याची नवी आवृत्ती काढावी लागली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

तिसरा नमुना दृक्श्राव्य आहे. जर्मनीतील ब्रेमेन येथून रोल्फ स्टाइनॉर्ट यांनी ‘मीट द गिंप’ ही चित्रफितींची मालिका केली. तिच्यातील पाठांचा उपयोग आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केला. या मालिकेचा विशेष असा की, शिक्षक प्रत्यक्ष काम करताना मोठ्याने विचार करतो. एखादे मूल्य लावून पाहतो, ते अधिक झाले असे म्हणतो, मागे जातो, पुन्हा कमी करून पाहतो. छापील कृतीतून नेमका हाच भाग गळून पडतो. आकडा कोठून आला हे येथे दिसते. तो कोणत्याही सूत्रातून आलेला नसून डोळ्याने पारखून आलेला असतो.

६. मराठीतील मार्गदर्शनाची भाषा

‘स्पोकन ट्युटोरियल’मुळे हे ज्ञान मराठी निवेदनासह उपलब्ध झाले, ही मोलाची गोष्ट होय. या पद्धतीत पडद्यावरील चित्र मूळचेच राहते आणि निवेदन भारतीय भाषेत होते. त्यामुळे आज्ञांची नावे इंग्रजीच ठेवणे क्रमप्राप्त ठरते आणि ते योग्यही आहे. विद्यार्थ्याला पडद्यावर जे शोधायचे आहे, त्याचे नाव त्याला ऐकू आले पाहिजे.

प्रश्न नामांचा नसून क्रियापदांचा आहे. मराठीतील संगणकविषयक लेखनात ‘क्लिक करा’, ‘सिलेक्ट करा’, ‘अप्लाय करा’, ‘ओके करा’ या चार क्रियापदांवर सर्व भार टाकलेला आढळतो. ही सर्व क्रियापदे हाताच्या बोटाचे वर्णन करतात. प्रतिमेचे काय झाले, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. मराठीजवळ त्यासाठी शब्द नाहीत काय? थर चढवणे, झाकणे, उघडे ठेवणे, उजळणे, गडद करणे, कडा मऊ करणे, रंग उतरवणे, उठाव देणे, छटा मिसळणे ही सारी क्रियापदे रोजच्या व्यवहारातील आहेत. नाम इंग्रजी चालेल. क्रियापद मात्र अर्थ सांगणारे हवे.

मुखवट्याचेच उदाहरण घ्यावे. ‘लेयरवर राइट क्लिक करून ॲड लेयर मास्क सिलेक्ट करा’ एवढे वाक्य वाचून कोणालाही काही उलगडत नाही. त्याऐवजी रांगोळीच्या छाप्याची आठवण द्यावी. छाप्याला जेथे भोके असतात तेथे रांगोळी पडते, जेथे पत्रा असतो तेथे पडत नाही. मुखवट्यातील पांढरा भाग म्हणजे भोक, काळा भाग म्हणजे पत्रा. फरक इतकाच की येथे करडा रंगही चालतो आणि तेथे थर अर्धवट दिसतो. शिवाय छापा उचलला तरी मूळ थर शाबूत असतो, म्हणून खोडण्यापेक्षा झाकणे बरे. हे स्पष्टीकरण ऐकल्यावर वरील आज्ञा सांगितली, तर ती विद्यार्थ्याच्या स्मरणात राहते.

मदत मागणाऱ्याच्या भाषेचाही येथे विचार केला पाहिजे. ‘सोनेरी अक्षरे कशी करावीत?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून कृतीच मिळणार. कोणता परिणाम हवा आहे, प्रतिमा किती बिंदूंची आहे, आज्ञावलीची आवृत्ती कोणती, आतापर्यंत काय केले आणि अपेक्षेपेक्षा निराळे काय घडले, या पाच गोष्टी ज्या प्रश्नात आहेत तो प्रश्नच निम्मे उत्तर असतो. असा प्रश्न विचारायला शिकवणे हेही मार्गदर्शनाचे काम आहे.

७. एक आक्षेप

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की, नवशिक्याला तत्त्वज्ञान नको असते. त्याला आज संध्याकाळपर्यंत पत्रिका किंवा फलक तयार करून हवा असतो. हा आक्षेप रास्त आहे. पहिल्या यशाची गोडी लागल्याशिवाय कोणी पुढे शिकत नाही. त्यामुळे कृती टाळावी असे प्रस्तुत लेखकास सुचवायचे नाही. कृती कशी लिहावी एवढाच प्रश्न आहे.

याचे उत्तर आपल्या स्वयंपाकाच्या परंपरेत सापडते. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’तील मापे वाटी-चमच्याची आहेत. घरोघरची वाटी लहानमोठी असली तरी तांदूळ आणि डाळ एकाच वाटीने मोजल्यास प्रमाण चुकत नाही. आणि पाककृतीत ‘चवीपुरते मीठ’ असे लिहिलेले असते, तेव्हा शेवटचा निर्णय करणाऱ्याच्या जिभेवर सोपवलेला असतो. प्रतिमा-संपादनाच्या कृतीतही आकड्याऐवजी प्रमाण द्यावे आणि निर्णयाची जागा डोळ्यासाठी राखून ठेवावी. मार्च २०२५ मधील ३.० या आवृत्तीत बहुतेक परिणाम मूळ थराला न बिघडवता लावता येतात व त्यांची मूल्ये नंतरही बदलता येतात. आज्ञावलीनेच आता ‘लावून पाहा, बदलून पाहा’ असे म्हटले आहे. मार्गदर्शनाने तिच्या मागे राहणे योग्य नव्हे.

८. निष्कर्ष

१. परिणामांविषयीचे कृतिवजा मार्गदर्शन प्रतिमेचा आकार अथवा आज्ञावलीची आवृत्ती बदलताच अपुरे पडते. कारण सांगणारे मार्गदर्शन दोन्ही बदलांत टिकते.

२. कृतीत निरपेक्ष आकड्यांऐवजी प्रतिमेच्या आकाराशी असलेले प्रमाण द्यावे आणि प्रत्येक पायरीने काय साधले हे एका वाक्यात नमूद करावे.

३. मराठी मार्गदर्शनात आज्ञांची इंग्रजी नावे कायम ठेवून त्यांचे कार्य अर्थवाही मराठी क्रियापदांनी सांगावे.

४. आज्ञावली मुक्त असणे आणि तिचा वापरकर्ता मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली परवान्याने साधते, दुसरी शिक्षणाने.

भित्तिपत्रकाचे ते शीर्षक विद्यार्थ्यांनी अखेरीस पुन्हा केले. या वेळी त्यांना आकडा सांगितला नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हात एक वही टेबलापासून कमी-अधिक उंचीवर धरून तिची छाया पाहण्यास सांगितले. त्यानंतर त्यांनी ठरवलेले अंतर ४४ बिंदू नव्हते. ते त्यांनी स्वतः ठरवले होते आणि का ठरवले हे त्यांना सांगता येत होते.